खडकमाळची मोटर

"त्या पेटीला हात लावायचा न्हाई, पोरी. कुणी रडलं तरी न्हाई, कुणी पाया पडलं तरी न्हाई. देवापुढं बेलभंडारा उचललाय आपण."

कोंडिबा जाऊन आता काही वर्षं झाली, तरी सासऱ्यांचा तो खरखरीत आवाज शुभांगीच्या कानातून गेला नव्हता. एरवी तो आठवला की तिला धीर यायचा. त्या शनिवारी सकाळी मात्र तो आठवला आणि तिच्या मनात आलं, मामंजी, तुम्ही सुटलात. ही किल्ली माझ्या पदरात टाकलीत आणि तुम्ही सुटलात.

कारण ऑफिसच्या खिडकीच्या गजांना धरून तुकाबाई उभी होती. खडकमाळाहून उन्हातनं उतरून आलेली. दोन्ही हातांत रिकामे कॅन, तोंडाला कोरड पडलेली, आणि डोळे असे की शुभांगीला वर बघवेना.

"शुभांगे, किल्ली दे मोटरच्या पेटीची. बटन मी दाबती. पाप लागलं तर मला लागू दे."

"मावशी, किल्ली नाही देता येत."

"देता येत न्हाई का द्यायची न्हाई?"

खोटं बोलायचं नाही, हेही शुभांगीच्या रोजच्या नेमांतलं होतं. "द्यायची नाही," ती म्हणाली.

"हां. मंग तसं म्हण. गोड बोलून गळा का कापतीस?"

शुभांगी सांभाळायची ते पाणी योजनेचं ऑफिस म्हणजे भरे गावाकडून आत वळलेल्या रस्त्यावर, गावच्या भैरवनाथाच्या देवळाखाली, दोन खोल्या. एका खोलीत कॉम्प्युटर, दुसऱ्या खोलीत पाइपांचे तुकडे आणि वॉशर. खालच्या वाड्यांना पाणी उतारानं आपोआप जायचं. खडकमाळ ही वरची धनगरवाडी, तिथं मात्र मोटर लावूनच चढवावं लागायचं. पूर्वी पाण्यावरनं इथं डोकी फुटली होती. कुणी चोरून व्हॉल्व्ह फिरवायचा, कुणी मोटर बंद पाडायचा, आणि मग दोन्हीकडची माणसं काठ्या घेऊन उतरायची. शेवटी कोंडिबांनी सगळ्या वाड्यांना देवळात बसवलं, प्रत्येक घराच्या कर्त्या माणसाला बेलभंडारा उचलायला लावला, की आजपासून व्हॉल्व्हला आणि मोटरला माणसाचा हात लागणार नाही. पाळ्या कॉम्प्युटरमध्ये घातलेल्या, कॉम्प्युटर सांगेल तेव्हा मोटर चालू, सांगेल तेव्हा बंद. "कॉम्प्युटरला भावकी नसती," कोंडिबा म्हणायचे. आणि खरंच, त्या दिवसापासून पाण्यावरनं कुणी कुणाच्या अंगावर गेलं नव्हतं.

सोमवारी तो कॉम्प्युटर बदलला. म्हणजे डबा तोच, आतलं सगळं बदललं. जुन्या विंडोजची मुदत संपली होती, नवी त्या म्हाताऱ्या मशीनला झेपेना, म्हणून सेक्रेटरी जयसिंग यांनी बावधनच्या एका कंपनीला सांगून त्यावर लिनक्स घालून घेतलं. पाळ्यांचा प्रोग्रॅम त्याच्यावरही चालतो, असं कंपनीनं सांगितलं होतं. चालतही होता. पडदा उघडायचा, योजनेचं नाव दिसायचं, आणि मधोमध लाल पट्टी यायची: डेटाबेसशी संपर्क होऊ शकत नाही. पाळ्या होत्या त्या डेटाबेसमध्ये, आणि डेटाबेस होता नदीकाठच्या पंपघरातल्या दुसऱ्या मशीनमध्ये. पाळी कळेना, म्हणून हुकूम सुटेना, म्हणून मोटर लागेना. खालच्या वाड्यांना काही फरक पडला नाही, बिघाड झाला की त्यांचे व्हॉल्व्ह उघडेच राहतात. कोरडं पडलं ते एकटं खडकमाळ.

"म्हशी खाली नदीवर आणताना येक घसरली, पाय मोडून बसली," तुकाबाई बोलत होती. "माजी लेक नंदा बाळातीण हाय. लेकराचे कपडे धुवायला पानी न्हाई घरात. समदं सोसलं. पर चोर म्हनून घेनार न्हाई."

"चोर कोण म्हणतं तुम्हाला?"

"तुजा दीर. जयसिंग. तुला ठावं न्हाई?" तुकाबाईनं कॅन खाली आपटले. "म्हनतोय, खडकमाळच्या धनगरांनी पेटी फोडून मोटरीला हात लावला, शपत मोडली, म्हनून मशीन बिघाडलं. आज दिवेलागनीला देवळात बसायचं ठरलंय. आमी समद्यांनी परत भंडारा उचलून आमी चोर न्हाई म्हनून सांगायचं. न्हाईतर योजनेतून वाडी भाईर."

शुभांगीला हे कुणीच सांगितलं नव्हतं. ती सावकाश बोलणारी बाई. पहाटे उठून दिवा लावायचा, पोथीचा अध्याय वाचायचा, अध्याय संपेपर्यंत कुणाशी एक शब्द बोलायचा नाही, एकदाच जेवायचं. इतकी वर्षं तिचा नेम होता आणि तिच्या तोंडून कुणी वाकडा शब्द ऐकला नव्हता. पण आता ती संतापली. देवळात, देवासमोर, त्या माणसांना चोर म्हणून उभं करायचं? पेटीवरचं कुलूप तसंच होतं. तिनं स्वतः मंगळवारी वर जाऊन बघितलं होतं, जयसिंगना सांगितलं होतं.

"मावशी, मी आज बिघाड शोधून काढते. आणि चूक ज्याची असेल त्याचं नाव संध्याकाळी देवळात, सगळ्यांच्या समोर मी घेते."

"भाऊबंदाचं असलं तरी?"

"कुणाचंही असलं तरी."

तुकाबाईनं तिच्याकडं नीट बघून घेतलं. "बग बरं का. तुजा सासरा शब्दाचा पक्का व्हता," एवढं म्हणाली आणि ऑफिसच्या नळाखाली कॅन लावून बसली.

जयसिंग आले ते गाडी दारातच लावून. पांढरा शर्ट, कानाला फोन. लवळ्याच्या कॉलेजांतली मुलं त्यांच्या खोल्यांत भाड्यानं राहायची, त्यातल्याच कुणाचा तरी फोन होता. "अरे बाबा, येतंय ना पाणी? प्रेशर कमी? बघतो, बघतो, लगेच बघतो." फोन ठेवला आणि हसले. "काय वहिनी, मशीनचा रुसवा गेला का न्हाई?"

"भाऊजी, संध्याकाळी देवळात कशासाठी बोलावलंय लोकांना?"

"ते व्हय? फॉर्मालिटी. लोक विचारायला लागले ना, पाणी का बंद म्हणून. कायतरी सांगाय नको?"

"म्हणून त्यांना चोर करायचं?"

"चोर कुणी म्हटलं? संशय म्हटलं. आणि एवढं काय पेटलंय वहिनी, खाली सगळ्यांना पाणी येतंय की."

खाली सगळ्यांना येतंय की. हे वाक्य शुभांगीच्या डोक्यात विस्तवासारखं पडलं. खोल्यांतल्या पोरांना धार बारीक झाली तर हा माणूस 'लगेच बघतो' म्हणतो. आणि वरच्या बाळंतिणीसाठी त्याच्याकडं फॉर्मालिटी. ती काही बोलणार, तेवढ्यात बाहेर दुसरी गाडी थांबली.

कंपनीचा निषाद आला होता. मंगळवारपासून ती त्याला फोन करत होती आणि मंगळवारपासून तो सांगत होता की ऑफिसातूनच बघतो. काल रात्री तिनं फक्त एवढंच म्हटलं होतं, तुम्ही आला नाहीत तर मी तुमच्या ऑफिसच्या दारात येऊन बसते, आणि मला बसायची सवय आहे.

"सॉरी मॅडम, चांदणी चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो," तो म्हणाला. तिशीचा मुलगा, पाठीवर बॅग, चेहरा ओशाळलेला. चहा नको म्हणाला आणि सरळ खुर्चीत बसला. काळ्या पडद्यावर भराभर अक्षरं टाकायला लागला. शुभांगी मागं उभी राहिली. तुकाबाई दारात येऊन बसली. जयसिंग फोन चाळत राहिले.

"पहिलं म्हणजे," निषाद म्हणाला, "याला पंपघरातलं मशीनच सापडत नाहीये. प्रोग्रॅममध्ये त्या मशीनचं फक्त नाव लिहिलंय. विंडोजमध्ये काय व्हायचं, हे मशीन नेटवर्कवर नावानं हाक मारायचं आणि तिकडचं ओ द्यायचं. लिनक्स अशी हाक मारत नाही. त्याला पत्ता लिहून द्यावा लागतो."

"मग द्या."

त्यानं नावासमोर पत्ता लिहिला, प्रोग्रॅम पुन्हा चालू केला. लाल पट्टी परत आली.

"गेलं का?" तुकाबाईनं दारातून विचारलं.

"नाही मावशी. पण आधीचा एरर वेगळा होता, आता वेगळा आहे," निषाद म्हणाला. "घर सापडलं, आता दार उघडत नाहीत."

"आमचंबी तसंच चाललंय," तुकाबाई म्हणाली. निषादला हसू आलं, पण शुभांगीचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं.

दाराचंही कारण सापडलं. पंपघरातल्या मशीनला कुणीतरी पूर्वी शिकवून ठेवलं होतं की ऑफिसच्या एकाच ठरलेल्या पत्त्यावरून आलेल्याला आत घ्यायचं, बाकी कुणाला नाही. सोमवारी सगळं नव्यानं घालताना ऑफिसच्या मशीनला भलताच पत्ता मिळाला होता. राउटरमध्ये जुना पत्ता अजून नोंदलेला होता, तो निषादनं परत लावला. मग हात मागं घेऊन बसला, जरा वेळ पडद्याकडं बघत.

"आता?" शुभांगीनं विचारलं.

"आता दार उघडलं. पण आतला विचारतोय, तू कोण? आणि आपल्याकडं उत्तर नाही."

"म्हणजे?"

त्यानं प्रोग्रॅमची एक ओळ तिला दाखवली. तिथं नाव नव्हतं, पासवर्डही नव्हता. इंग्रजीत लिहिलेलं होतं, विश्वासातलं कनेक्शन, होय. "जुन्या मशीनवर जो माणूस लॉगिन करून बसलेला असायचा, त्याची ओळख विंडोज परस्पर तिकडं कळवायचं. घरातला माणूस आहे, सोडा आत. त्यामुळं प्रोग्रॅमला कधी नाव सांगावंच लागलं नाही. लिनक्समध्ये तसं ओळख सांगणारं कुणी नाही. कोण बसायचं लॉगिन करून, मॅडम? तुम्ही?"

"आम्ही सगळेच एकाच नावानं बसायचो. मामंजींच्या. त्यांनी चालू करून ठेवलेलं, ते आम्ही कधी बदललंच नाही."

"पण ते तर…"

"हो. गेले."

"म्हणजे इतकी वर्षं ते गेलेले आजोबाच पाणी सोडत होते," निषाद नवल वाटून म्हणाला. चांगल्या मनानंच म्हणाला. शुभांगीला मात्र ते लागलं. सासऱ्यांच्या नावाचा विश्वास इतके दिवस खडकमाळावर पाणी चढवत होता आणि कुणाला माहीतही नव्हतं. तो विश्वास सोमवारी पुसला गेला.

"जुनी डिस्क लावा ना परत," ती म्हणाली. "त्यावर सगळं असेल. तोवर मोटर तरी चालेल."

निषादनं मान खाली घातली. "ती पुसली ना मॅडम. त्याच डिस्कवर नवीन घातलं."

"पुसली? कुणाला विचारून?"

"तुम्हाला."

"मला?"

"सोमवारी सकाळी. मी आलो तेव्हा तुम्ही इथं पोथी वाचत होता. मी विचारलं, जुनं सगळं पुसून टाकू ना? तुम्ही असा हात केलात." त्यानं उजवा तळवा वर उचलून दाखवला. "देवाच्या फोटोत असतो तसा. मला वाटलं, हो, चालू द्या."

शुभांगीला सोमवार आठवला. पहाटे ऑफिस उघडायला लवकर यावं लागायचं म्हणून ती पोथी ऑफिसातच वाचायची. अध्याय अर्धा झाला होता. हा मुलगा आत आला, काहीतरी पुटपुटला. तिनं हात वर केला. थांब म्हणून. एवढा अध्याय होऊ दे, मग बोलते म्हणून. अध्याय संपवून तिनं वर बघितलं तर तो कामाला लागलेला होता आणि तिला वाटलं, त्याचं काही महत्त्वाचं नसेल.

"मी थांब म्हणत होते!" ती ओरडली. तिचा आवाज एवढा चढू शकतो हे त्या खोलीतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. "थांब! तोंडानं बोलत नव्हते, तर हातानं थांब म्हणत होते! एक बाई मौनात बसलीय, तिला पुसायचं विचारता आणि ती बोलली नाही की हो समजता? पाच मिनिटं दम निघत नव्हता तुम्हाला? आशीर्वाद द्यायला मी काय फोटोतली देवी आहे?"

"चुकलं मॅडम."

"चुकलं म्हणून काय होतंय! ती म्हैस उठणार आहे का?"

जयसिंगनी फोन खिशात घातला. चेहऱ्यावर पहिल्यांदाच खरी उत्सुकता आली. "म्हणजे वहिनी, हो तुम्हीच म्हटलं म्हणायचं."

ती त्यांच्याकडं वळली. "भर उन्हाळ्यात बदलू नका, पावसाळ्यापर्यंत थांबा, असं मी तुम्हाला म्हटलं होतं. म्हटलं होतं का नाही?"

"म्हटलं असंल. कंपनीची तारीख मिळाली होती."

"आणि पेटीचं कुलूप शाबूत आहे हे मंगळवारी सांगितलं होतं का नाही?"

जयसिंगनी खिशातला फोन परत बाहेर काढला. दारात तुकाबाई हळूच उठून उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. पण ती एक अक्षर बोलली नाही, नुसतं भरलेल्या कॅनची झाकणं लावत राहिली. त्या गप्प बसण्यानं शुभांगी जास्त भाजली. या बाईला काय शब्द दिला होता आपण? चूक ज्याची असेल त्याचं नाव घेते. तेव्हा मनात जयसिंगचं नाव होतं, या मुलाचं होतं. स्वतःचं कुठं होतं?

राग निवायला तिनं नेहमीसारखा जप सुरू केला, पण ओठांवर नाव येईना. देवाचाच राग येत होता. तुझं नाव वाचत होते ना रे मी. तुझंच वाचत होते.

"पंपघराकडं जावं लागेल," निषाद खालच्या आवाजात म्हणाला. "डेटाबेसचं मशीन अजून जुनंच आहे, त्याची पाळी पुढं होती. तिथं आजोबांचं लॉगिन चालू असेल तर त्या मशीनवर बसून आपल्याला आत जाता येईल. आत गेलो की प्रोग्रॅमला स्वतःचं नाव आणि पासवर्ड देऊ. मग कुणाच्या ओळखीची गरज नाही."

"आणि चालू नसेल तर?"

"तर मग अवघड आहे."

ते निघाले. तुकाबाई कॅन घेऊन वाडीच्या चढाला लागली. जयसिंगही मागून गाडी घेऊन आले, कुणी बोलावलं नसताना.

पंपघरात नेहमीसारखी मोठ्या पंपाची घरघर होती. कोपऱ्यातल्या मशीनवर धुळीचा फडका टाकलेला. शुभांगीनं तो काढला, माउस हलवला. पडदा उजळला आणि वरच्या कोपऱ्यात मामंजींचं नाव दिसलं. हे मशीन बंद करायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती आणि ती कुणी मोडली नव्हती. शुभांगीनं नकळत हात जोडले.

निषाद बसला. डेटाबेस उघडला. त्यानं कुणालाही न विचारता आत घेतलं. पाळ्यांचा तक्ता समोर आला, वाडीमागून वाडी.

"आता इथं एक सेटिंग बदलायचं," तो सांगत होता, "म्हणजे विंडोजच्या ओळखीशिवाय, नाव-पासवर्डनंही आत घेता येईल. मग सर्व्हिस बंद करून परत चालू करायची. नवीन अकाउंटला नाव काय देऊ?"

"माझं टाक," जयसिंग म्हणाले. "सेक्रेटरी मी हाय."

"कुणाचंच माणसाचं नको," शुभांगी म्हणाली. "योजनेचं नाव टाका. आणि त्याला पाळ्या वाचता येऊ देत आणि मोटर चालू-बंद झाल्याची नोंद करता येऊ दे, एवढंच. पाळ्या बदलता येऊ देऊ नका."

"बरोबर आहे, तेवढंच देतो."

जयसिंग पुढं सरकले. पडद्याकडं बोट दाखवून अगदी सहज म्हणाले, "आता उघडलंच हाय तर एक काम करून टाका की. उन्हाळ्यापुरतं खडकमाळचं थोडं कमी करा आणि आमच्या खालच्या आळीला जोडा. वर माणसं किती, खाली माणसं किती. कुणाला कळणार बी न्हाई."

पंपाची घरघर चालूच होती. शुभांगी ओरडली नाही या वेळी. ओरडण्याच्या पुढचा राग होता तो, आवाज खाली नेणारा.

"भाऊजी, हात मागं घ्या."

"अहो मी नुसतं…"

"हात मागं घ्या म्हटलं. बटन दाबलं नसताना तुम्ही त्यांना चोर केलंत, आणि बेलभंडारा तुम्हीही उचललाय, तो पाळ्या फिरवताना चालतो तुम्हाला? ती तुकामावशी रिकामे कॅन घेऊन किल्ली मागत होती, मी तिला नाही म्हटलं. तहानेल्या माणसाला नाही म्हटलं मी, त्या शपथेपायी. आणि तुम्ही सावलीत उभं राहून तिचं पाणी मागताय. लाज नाही वाटत?"

जयसिंगचा चेहरा लाल झाला. "लई बोलायला लागलीस, वहिनी."

"हो. उशिराच लागले."

निषादनं मान वर केली नाही. त्यानं सेटिंग बदललं, अकाउंट केलं, सर्व्हिस थांबवली. थांबवल्यावर पडद्यावरचं सगळं मालवलं आणि क्षणभर शुभांगीला वाटलं, आता हेही गेलं. मग एकेक करून परत आलं. निषादनं ऑफिसच्या मशीनमधला प्रोग्रॅम इथूनच उघडून त्यात नवीन नाव टाकलं. पासवर्ड म्हणून मात्र एक अख्खं वाक्य शुभांगीनं दोन्हीकडं स्वतः टाइप केलं, त्या दोघांना पाठ फिरवायला लावून.

लाल पट्टी गेली. तिच्या जागी पाळ्या आल्या. खडकमाळची पाळी चुकलेली म्हणून सगळ्यात वर, आणि तिच्यासमोर: मोटर चालू.

शुभांगीनं तुकाबाईच्या फोनवर फोन लावला. बराच वेळ नुसती रिंग. मग नंदाचा आवाज आला, आणि तिच्या मागं बायकांचा गलबला आणि टाकीच्या तळावर पडणाऱ्या धारेचा खणखणीत आवाज. "आलं, आलं शुभांगीताई, आलं!" आणि मग तुकाबाई. ती धापा टाकत होती, नुकतीच चढून पोचली असावी.

"मावशी, येतंय ना?"

"येतंय." आणि दम घेऊन, "आमी खाली देवळाकडं निगतोय. समदी. पोरंसोरं बी. पानी आलं म्हनून आमी घरी बसनार न्हाई. पदरावरचा डाग हाय तो."

"हो," शुभांगी म्हणाली.

पंपघराबाहेर ऊन कलायला लागलं होतं. समोर नदीवर म्हशी डुंबत होत्या. जयसिंगनी गाडीला किल्ली लावली, पण चालू केली नाही. आवाज मऊ केला.

"झालं ना आता, वहिनी? पाणी लागलं. विषय संपला. मी देवळात सांगतो की माकडांनी वायर तोडली होती. धनगरांचंबी नाव नको, कंपनीचंबी नको, तुमचंबी नको. सगळेच सुटले."

"संशय तुम्ही घेतलात, तो कुणी परत घ्यायचा?"

"पाणी आलं की लोक विसरत्यात. आणि एक बघा. तुम्ही उठून बोललात, तर त्यात तुमचंच नाव येतंय. पोथी वाचत बसली, हात वर केला, म्हणून वाडी तहानली. लोक काय म्हणतील? बाई देवधर्म करती आणि पोरंबाळं पाण्यावाचून मरती, असं म्हणतील. पोथीलासुद्धा हसतील. कोंडिबाकाकांची सून तुम्ही. विचार करा."

हा घाव त्यांनी बरोबर जागी घातला होता. लोक हसतील, आणि तिला हसले तर चालेल, पण पोथीला हसतील. उद्या पहाटे दिवा लावताना ते हसणं तिच्या शेजारी येऊन बसणार होतं. निषादनंही बॅगेचे पट्टे आवळता आवळता म्हटलं, "मॅडम, माझंही नाव घ्याल का? म्हणजे, नोकरीवर…"

"घेणार," शुभांगी म्हणाली. "तुम्ही विचारलं आणि थांबला नाहीत. मी थांब म्हटलं आणि मग विचारलं नाही. भाऊजींनी कुलूप शाबूत आहे हे ऐकूनही माणसांना बोल लावला. तिघांचंही घेणार, कुणाचं कमी नाही, जास्त नाही. आणि आज तुम्ही येऊन दुरुस्त केलंत, तेही सांगणार. येणार असाल तर चला."

निषाद गाडीपाशी घुटमळला. मग म्हणाला, "येतो मागनं. ऑफिसातनं माझा चार्जर घेऊन येतो." येईल की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. तिनं पुन्हा विचारलंही नाही.

जयसिंगनी गाडी चालू केली. "बसा, सोडतो तुम्हाला देवळापर्यंत. वाटेत बोलू."

"नको."

ते धूळ उडवत निघून गेले. राग अजून होता. तो काही पाणी आलं म्हणून उतरला नव्हता. पण आता तो छातीत भडकत नव्हता, पायांत उतरला होता. वरच्या उतारावर माणसांची रांग दिसत होती, बायका पुढं, कुणाच्या तरी कडेवर तान्हं मूल, तुकाबाईची हिरवी साडी सगळ्यांत पुढं. त्या देवळाशी पोचायच्या आत तिथं पोचायचं होतं. त्यांना आधी बोलावं लागू नये.

शुभांगीनं पंपघराचं दार ओढून घेतलं. नळावर तोंड धुतलं, पदरानं पुसलं. मग रस्ता सोडून तिनं शेताच्या बांधावरची जवळची वाट धरली आणि कुणालाही हाक न मारता देवळाच्या दिशेनं चालू लागली.